काय होतंय?

"किती महिने?" खिडकीमागच्या मुलीने रजिस्टरवरून नजर न उचलता विचारलं.

"महिने नाहीत," मी म्हटलं. "वर्षं. सेहेचाळीस."

तेव्हा तिने वर पाहिलं. हसली मात्र नाही. "काय होतंय?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"तपासून घ्यायचंय. वर्षातून एकदा करतात ना, तसं."

रजिस्टरला रकाने होते. नाव, वय, गाव, नवीन की जुने, तक्रार. शेवटच्या रकान्यावर पेन टेकवून ती थांबली आणि शेजारच्या सिस्टरकडे बघू लागली. सिस्टर गोळ्यांच्या पाकिटांवर सकाळ-संध्याकाळ लिहीत होत्या. त्या तिकडूनच म्हणाल्या, "पांढरं जातंय, लिही." आणि सोलापुरातल्या त्या दवाखान्यात, भर दुपारी, मला न विचारताच मला पांढरं जायला लागलं.

माझा नंबर एकविसावा होता. भिंतीला 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही'चा फलक, खाली कूलर, आणि कूलरसमोरच्या बाकासाठी चाललेली नजरेची मारामारी. बाकांवर पोटुश्या पोरी, त्यांच्या आया, सासवा. एक नवी नवरी फाईल छातीशी धरून बसलेली. दिवस राहत नसणार, कारण शेजारी सासू ताठ बसली होती. बाकी बायांच्या सासवा जरा सैल होत्या. माझ्याबरोबर कुणी नाही, पोट नाही, काखेत मूल नाही. समोरच्या आजीने दोनदा माझ्याकडे पाहिलं आणि तिसऱ्यांदा विचारलंच, "लेकीला आणलंय व्हय?"

मग मी मनातल्या मनात हिशोब मांडला. या असल्या दवाखान्याची पायरी मी आजवर कितीदा चढले? पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा. दुसऱ्यांदा दुसऱ्या वेळी. मग तांबी बसवायला आणि काही वर्षांनी ती काढायला. त्यानंतर तेरा वर्षं नाही. म्हणजे प्रत्येक वेळी एक तर मूल व्हावं म्हणून किंवा होऊ नये म्हणून. नुसती मी म्हणून एकदाही गेले नव्हते. हे काही मोठं दुःख नव्हे. पण कूलरपासून लांबच्या बाकावर बसून वाट बघताना माणसाला असले हिशोब सुचतात.

या बाबतीतली आपली भाषाही मजेशीर आहे. पाळीचं रक्त काय, पांढरं पाणी काय, सगळं 'अंगावरून जातं'. आणि ते फार जायला लागलं की आपण ते 'अंगावर काढतो'. दुखणं अंगावर काढणं ही आपल्याकडे तक्रार म्हणून कमी आणि कौतुक म्हणून जास्त सांगितली जाणारी गोष्ट आहे. "तिनं बाई किती अंगावर काढलं, पण कुणाला कळू दिलं नाही." हे वाक्य मी तेराव्याला ऐकलेलं आहे, आणि म्हणणाऱ्या बाईच्या आवाजात अभिमान होता. गर्भाशयाला आपण पिशवी म्हणतो. पिशवी म्हटल्यावर भरलेली असेल तोवर जपायची, रिकामी झाली की घडी घालून फळीवर टाकायची. ओटी मात्र आपण वर्षातून दहा वेळा भरतो. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. त्या ओटीच्या आत काय चाललंय ते बघायला कुणी सांगत नाही.

आत डॉक्टरबाई साठीच्या पुढच्या. त्यांनी केसपेपरवरचं 'पांढरं जाणे' वाचलं आणि विचारलं, "कधीपासून?"

"मघापासून," मी म्हटलं आणि खिडकीतला किस्सा सांगितला. बाई मनापासून हसल्या. मग पेनाने ती ओळ खोडली. "बरं. काही होत नाही. पाळी कशी आहे?"

"नेहमीसारखी."

"नेहमीसारखी म्हणजे कशी?"

मला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. म्हणजे तारीख विचारली होती, पाळी येते का ते विचारलं होतं. कशी येते ते नाही. मी सांगायला लागले आणि माझं मलाच ऐकू यायला लागलं. पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं. रात्री खाली जुनी चादर दुहेरी करून घालते. गाठी पडतात, मोठ्या. त्या दिवसांत बँकेत गडद रंगाचीच साडी नेसते आणि काउंटरवरून उठताना खुर्ची बघते. जिना चढताना धाप लागते, पण ती वयाची. हे सगळं दोन-अडीच वर्षं.

बाईंनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. "आणि तुम्हाला काही होत नाही," त्या म्हणाल्या.

हिमोग्लोबिन निघालं ८.९. असायला हवं १२ च्या वर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय होता. हे मला ठाऊकही होतं, कुठल्याशा लेखात वाचलं होतं. पण ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ऊसतोडणीवाली, वीटभट्टीवरची बाई आली होती. पगारी नोकरी, घरात मिक्सर, फ्रिजमध्ये डाळिंब असलेली मी आली नव्हती.

घरी येऊन मी वाचत सुटले. तेव्हा गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या १९८९ सालच्या अभ्यासापाशी थांबले. दोन गावांतल्या ६५० बायकांना त्यांनी तपासलं. दवाखान्यात आलेल्या नव्हे, गावातल्या बायकांना, तक्रार असो वा नसो. शंभरातल्या ५५ जणींनी काहीतरी त्रास सांगितला, ४५ जणी म्हणाल्या, काही नाही. प्रत्यक्ष तपासल्यावर ९२ जणींना एक ना एक स्त्रीरोग होता. एकेकीला सरासरी साडेतीनहून अधिक. आणि या सगळ्यांत आधी कधी तपासणी आणि उपचार झालेल्या किती? शंभरात आठ. 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली. मला त्यातला एकच आकडा चावत राहिला, तो म्हणजे 'काही नाही' म्हणणाऱ्या ४५ जणी. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांचं आणि माझं 'नेहमीसारखी' एकाच मापाचं होतं. रोज दुखत असेल तर त्याला दुखणं कोण म्हणेल?

तेव्हा नियमित तपासणीचा अर्थ मला तरी त्या दिवशी असा कळला की 'काही होत नाही' हे ठरवण्याचं काम आपलं नाही.

आता तपासणीच्या टेबलाबद्दल. बायका टाळतात त्या या टेबलाला, हे उघड बोलायला हवं. पाय अडकवायच्या त्या दोन लोखंडी कमानी, अंगावर टाकलेली हिरवी चादर, आणि "सैल सोडा, सैल सोडा" म्हणणारा आवाज. सैल सोडा म्हटल्यावर जगातली कुठलीही बाई आवळूनच घेते. डॉक्टरबाई प्रत्येक गोष्ट आधी सांगत होत्या. आता गार लागेल, आता थोडं दडपल्यासारखं वाटेल, दुखलं तर सांगा, मी थांबेन. सिस्टर माझ्या डोक्याशी उभ्या होत्या. सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नाहीत. पूर्वी एकदा, बाळंतपणाच्या वेळी, एका दवाखान्यात मला न सांगता-सवरता तपासलं होतं. वर "नवऱ्याजवळ लाजली नाहीस ना?" असंही ऐकवलं होतं. तेरा वर्षं मी फिरकले नाही त्याचं निम्मं कारण ते एक वाक्य असेल. डॉक्टर लोकांनी हे वाचलं तर बरं.

आत बघायला जे उपकरण वापरतात, स्पेक्युलम, त्याच्या इतिहासातही एक काळी बाजू आहे. अमेरिकेत अलाबामात, १८४० च्या दशकात, मॅरियन सिम्स नावाच्या डॉक्टरने चमच्याचा दांडा वाकवून आत बघण्याचं साधन केलं. त्याच्या नावाचा स्पेक्युलम अजूनही वापरात आहे. त्याने शस्त्रक्रियांचे प्रयोग केले ते गुलाम बायकांवर, भूल न देता, पुन्हा पुन्हा. अनार्का, बेट्सी, लूसी ही त्यातल्या तिघींची नावं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा २०१८ मध्ये काढला. मग वाटतं, आपलं अंग आवळून घेणं अगदीच अडाणीपणाचं नाही. शरीराला काहीतरी आठवत असावं.

पॅप स्मियरची गोष्ट त्यामानाने घरगुती. जॉर्ज पापानिकोलाऊ हा ग्रीसहून अमेरिकेत गेलेला डॉक्टर. त्याची बायको आंद्रोमाखी त्याच्या प्रयोगशाळेत काम करायची आणि अनेक वर्षं स्वतःचेच नमुने त्याला तपासायला द्यायची. पिशवीच्या तोंडावरच्या पेशी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, बिघडलेल्या असतील तर कॅन्सर होण्याआधीच कळतं. 'पॅप' हे त्याच्या आडनावाचं लघुरूप. तिच्या नावाचं काही नाही, अर्थात.

बाईंनी लहानशा ब्रशने नमुना घेतला, छाती तपासली, पोटाची सोनोग्राफी केली. पिशवीत तीन सेंटिमीटरची मांसाची गाठ निघाली, फायब्रॉइड. आतल्या अस्तराचा तुकडाही तपासायला पाठवला. पंचेचाळिशीनंतर रक्तस्राव वाढला तर ते बघावं लागतं. आठवड्याने रिपोर्ट आले. कॅन्सर नाही, त्याआधीचे बदलही नाहीत. "निगेटिव्ह आहे," बाई म्हणाल्या आणि माझा चेहरा पडला. मग त्यांनी समजावलं की इथे निगेटिव्हच चांगलं.

"मग पिशवी काढायची का?" मी विचारलं. हा प्रश्न मी घरून पाठ करूनच गेले होते.

"कशाला? तिनं काय वाकडं केलंय तुमचं?"

लोहाच्या गोळ्या आणि औषधाची तांबी, म्हणजे हार्मोन सोडणारी. तिच्यात तांबं नसतं, तरी आपण तांबीच म्हणतो. सहा महिन्यांत मी चादर एकेरी घालायला लागले. खिडकीतल्या मुलीला मी 'वर्षातून' म्हटलं होतं, तेही बाईंनी दुरुस्त केलं. पॅप दरवर्षी लागत नाही, तीन वर्षांनी पुरे. एचपीव्हीची, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर ज्याने होतो त्या विषाणूची, चाचणी केली तर त्याहून लांब. वर्षातून एकदा यायचं ते रक्त, बीपी, छाती बघायला आणि 'नेहमीसारखी' म्हणजे कशी ते सांगायला.

या सगळ्याच्या नादात मी आत्याला फोन केला. आत्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीपासून फार लांब नाही. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलने आणि मुंबईच्या टाटाने तिकडे या कॅन्सरच्या तपासणीचा मोठा अभ्यास केला होता, १९९९ पासून, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर बायका. गावांचे चार गट केले. एकात एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात नुसतं पातळ ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्याने बघणं, चौथ्यात फक्त माहिती. आत्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण विचारल्याबरोबर म्हणाली, "अगं, बार्शीच्या बाया आल्त्या की! घरोघर फिरून चिठ्ठ्या दिल्या. कायतरी आंबट वासाचं लावलं आन म्हनल्या मिनिटभर पडून ऱ्हावा. मी म्हनलं, बाई, लोणचं घालताव का काय?"

लोणच्याचंच तत्त्व म्हणायचं. व्हिनेगरचा जो जीव तोच ॲसेटिक ॲसिडचा. बिघडलेल्या पेशी त्याने पांढऱ्या पडतात, चांगल्या गुलाबीच राहतात. ना प्रयोगशाळा लागते ना वीज. आत्याच्या जावेला पांढरा डाग दिसला. तो थंड गॅसने तिथल्या तिथे जाळला. "चार दिवस पाणी गेलं अंगावरून, बास. अजून खुरपायला जाती माझ्याआधी."

आठ वर्षांनी आकडे मोजले तेव्हा एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले होते, काहीच तपासणी न झालेल्या गटात ६४. तेही आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगभरची धोरणं एचपीव्ही चाचणीकडे वळली त्यात या गावांचा वाटा मोठा आहे. आत्याच्या गटात, म्हणजे आंबट पाण्याच्या गटात, फरक तितका स्पष्ट दिसला नाही. मुंबईच्या वस्त्यांत मात्र दहावी शिकलेल्या बायकांना शिकवून हीच तपासणी दर दोन वर्षांनी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. चौथ्या गटाचं काय, यावर पुढे बराच वाद झाला. एवढ्या हजारो बायकांना नुसती माहिती देऊन मोजत बसणं बरोबर होतं का? मला तो वाद रास्त वाटतो. त्या ६४ जणी कुणाच्या तरी आत्याच होत्या. पण खरं सांगायचं तर अभ्यास नसता तरी त्यांना कुणी तपासणार नव्हतंच. कुटुंब आरोग्य पाहणीची तीच २०१९-२१ ची फेरी म्हणते की देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमध्ये दोघींचीही ही तपासणी कधी झालेली नाही, १.९ टक्के. सरकारी नियम २०१६ पासून आहे, तिशीनंतर दर पाच वर्षांनी. नियम कागदावर ठणठणीत आहे.

तपासणीच नसली की भीतीला मोकळं रान मिळतं, हे मला आमच्या पोळ्या करणाऱ्या मावशींनी शिकवलं. मावशी बीडकडच्या. तरुणपणी नवऱ्याबरोबर कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जायच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, एक दिवस खाडा झाला तर दंड. पांढरं जायचं, ओटीत दुखायचं. सव्विसाव्या वर्षी डॉक्टर म्हणाला, पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. उचल घेऊन पिशवी काढली. "काचेवर वगैरे काही तपासलं होतं का?" मी विचारलं. मावशींनी पोळी उलटली. "कशाची काच? पोटावर हात ठेवला आन सांगितलं." २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, समिती नेमली, बायका मोजल्या. ८२ हजारांपैकी १३ हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. एकीकडे कॅन्सर असून वेळेवर न कळलेल्या बायका, दुसरीकडे कॅन्सर नसून त्याच्या नावाने कापलेल्या. दोघींच्या मध्ये एक काचपट्टी हवी होती.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी हा विषय काढला आणि तिळगुळाची चव घालवली. एक म्हणाली, आमच्यात हा कॅन्सर कुणालाच नाही. हा आजार घराण्याने येत नाही, विषाणूने येतो, मी म्हटलं. तिथे मोठी शांतता झाली, कारण विषाणू कसा येतो ते सगळ्यांना कळलं. "म्हणजे कोणाकडून?" ही कुजबुज. याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही आणि शोधूही नये. हा विषाणू सर्दीसारखा सर्रास असतो, बहुतेकींच्या अंगातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्यांच्यात मुक्काम करतो आणि कॅन्सर व्हायला दहा-पंधरा वर्षं घेतो. एवढी सवलत दुसरा कुठला आजार देतो? दुसरी म्हणाली, माझी पाळी गेली, सुटले. सुटत नाही, पासष्टीपर्यंत बघावं लागतं. तिसरी काहीच बोलली नाही. निघताना दारात चप्पल शोधत हळूच म्हणाली, "त्या डॉक्टरबाई कोणत्या वारी असतात?" वाण म्हणून मी स्टीलच्या वाट्या दिल्या होत्या. बाईंचा नंबर तेवढा चार जणींनी लुटला.

राहिली आई. आईची पिशवी अडतिसाव्या वर्षी काढली. मी चौदा वर्षांची होते, मे महिना होता, आत्या स्वयंपाकाला आली होती. 'आईचं पोटाचं ऑपरेशन' एवढंच आम्हाला सांगितलं होतं. बत्तीस वर्षं तिचं एकच म्हणणं: "ज्याला तपासायचं तेच काढून टाकलंय. आता काय तपासणार?" पॅपपुरतं ते बरोबर होतं. तोंडासकट पिशवी काढलेली, आणि कारण कॅन्सरचं नव्हतं, तर पॅपची गरज नाही, असं बाईंनीही सांगितलं. पण त्या म्हणाल्या, आणा एकदा.

खिडकीत तीच मुलगी. "काय होतंय, आजी?"

"काही नाही. हिनं आणलंय."

मुलीने माझ्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि यावेळी सिस्टरना न विचारता तक्रारीच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली.

आत बाईंनी आईचं बीपी पाहिलं, गुडघे विचारले, मग अगदी गप्पा मारल्यासारखं विचारलं, "खोकला आला, शिंक आली, की लघवीचा थेंब जातो का?"

आई गप्प. पदराचं टोक तिने बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू जरा बाहेर बस."

मी बाहेर बसले. दार लावलेलं, शब्द कळत नव्हते. पण आवाज आईचाच होता आणि तो थांबत नव्हता. मध्ये एकदा बाईंचं "अरे बापरे, तेव्हापासून?" ऐकू आलं आणि पुन्हा आई. बाकावरच्या दोघी-तिघी घड्याळ बघू लागल्या. खिडकीतली मुलगीही दाराकडे बघू लागली. पंचवीस मिनिटांनी आई बाहेर आली, डोळे पुसलेले, चिठ्ठीच्या चार घड्या घालून बटव्यात ठेवत.

रिक्षात मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"काही नाही," आई म्हणाली. मग रिक्षावाल्याला, "जरा हळू घे रे बाबा, खड्डे आहेत." आणि मला, "पुढच्या सोमवारी बोलावलंय. तू बँकेतून सुट्टी काढू नकोस. मी येईन एकटी."